मिरचीची रोपं आणि चौदा घरं

आमच्याकडे रोपं विकत नाहीत. वाफ्यात उरली की मागेल त्याला देतात. माघात मी मिरचीची चारशे रोपं स्वतःला ठेवून बाकीची बहुतेक चौदा घरांना वाटली. शेजारच्या बांधाचा थोरला चुलतभाऊ त्यातलाच एक. दीड महिन्यात सगळीकडे पानं चुरडू लागली. भाऊ बियाण्याच्या दुकानदाराला शिव्या देत सुटला.

मला अंदाजावर बोलवत नाही. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत तीन पुड्या पानं नेऊन दिली: माझ्या शेतातली, भावाच्या शेतातली आणि परसातल्या वाफ्यात उरलेल्या रोपांची. तिथल्या बाईंनी विषाणूचा जनुकक्रम काढला.

"माहितीतल्या विषाणूंशी जेमतेम नव्वद टक्के जुळतो. एक्क्याण्णवच्या खाली आम्ही वेगळी जात धरतो."

"आणि तिन्ही पुड्या आपसात?"

"नव्याण्णवच्या वर. एकच आहे."

"कुठून कुठे गेला?"

"ते यावरून सांगता येत नाही."

मला मात्र सांगता येत होतं. रोपं वाटायच्या आधी मुलीच्या साखरपुड्याला सावली म्हणून वाफ्यावरची जाळी मी दोन दिवस काढून अंगणात बांधली होती. हा रोग आणणारी पांढरी माशी तेव्हाच शिरली असणार.

भावाला सांगितलं.

"रिपोर्टात तुझं नाव हाय का?"

"न्हाई."

"मग गप बस. चौदा घरांत त्वांड दाखवायचंय."

त्यातली नऊ घरं रस्त्यालाच आहेत. पौडला बाजाराला जायचं तर त्यांच्या दारावरूनच. दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही.

तिसऱ्या दिवशी झाडं उपटायला घेतली. रोगी झाड उभं राहिलं की माशी तिथूनच रोग पुढे नेते. वरच्या आळीतली वहिनी पाटी घेऊन चालली होती. तिनेही माझीच रोपं लावली होती.

"बरी दिसणारी का उपटताय, भावजी?"

"गाळे काढायचेत त्याला, भाड्याचे," बांधावरून भाऊच बोलला.

हे आमच्याकडे कुणालाही पटतं. वहिनीने पाटी खाली ठेवली. "मग ही फुलावरची मला द्या की. वाया कशाला?" ती वाकून झाडं भरू लागली.

मी पाटी धरली. "नगा नेऊ, वहिनी. रोग हाय ह्यांना. तुमच्याकडंबी माझ्याच वाफ्यातनं आलाय."

"महिनाभर फवारतीया मी," ती म्हणाली.

झाडं तिथेच ओतून ती शेताकडे न जाता आळीकडे माघारी वळली.

"जा आता सांगायला," भाऊ म्हणाला. "तू पोचायच्या आत बारा घरांना कळंल."