दोर सोडायचा कुणी?

नव्वदच्या दशकात नौपाड्यात ताकदीच्या पावडरी विकणाऱ्या भोंदूंवर माझा भयंकर राग होता. म्हणून मी पत्रक लिहिलं: ताकद डब्यात नसते. स्नायूत प्रथिनांचे असंख्य सूक्ष्म हात असतात. ते सगळे एकदम धागा खेचतात, एकदम सोडतात, पुन्हा पकडतात. सोबतचे लवचिक धागे स्प्रिंगसारखा ताण धरतात.

छापायला देण्याआधी ते कोलशेतच्या खाडीवर वाचून दाखवलं. कोळी मंडळी दोराने होडी वर ओढत होती.

"एकदम सोरतात?" दोर धरलेली मावशी हसली. "आरं पोरा, मंग होरी परत पान्यान जाईल! आमी अर्धे धरतांव, अर्धे हात पुढं घेतांव."

"मावशी, हे शास्त्र आहे!" मी तडकलो.

"मंग ये, तुजं शास्त्र इथं लाव!"

मी दोर धरला, सगळ्यांना एकदम सोडायला लावलं. होडी सरळ मागे घसरली. मंडळी शिव्या देत हसत सुटली.

ज्या पुस्तकावरून पत्रक लिहिलं होतं, ते घरी पुन्हा उघडलं. त्यातही प्रथिनांचे ते हात आळीपाळीनेच धरत होते. घाईत मीच चुकीचं वाचलं होतं. मुकाट्याने ते वाक्य बदललं. भोंदूंवरच्या शिव्या मात्र तशाच छापल्या.