तुळशीराम मिस्तरींनी उखडलेली माडी

लाकूड हातात आलं की तुळशीराम मिस्तरी आधी ते नाकाशी नेत, माप नंतर. जानेफळात लोक त्यांना हसत. ते म्हणत, "हसा बापा. लाकूड वासानंच बोलते."

मराठी भाषेचं नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या माडीवर शहाबादी फरशी बसवायचं ठरलं. माडीची जमीन जुन्या पद्धतीची होती: सऱ्यांवर, म्हणजे भिंतीत रोवलेल्या आडव्या तुळयांवर, फळ्या, फळ्यांवर मातीचा थर, वर शेणाचं सारवण. सात वर्षांपूर्वी ती मिस्तरींनीच केली होती. खालच्या खोलीत माझी ताई बाळंतीण होती. बाळ नऊ दिवसांचं.

मी जिन्यात उभी होते. मिस्तरींनी कोपऱ्यातली माती उकरली, तर फळीवर कापसासारखी पांढरी बुरशी पसरलेली. वडील शाळेत गुरुजी; तेही माडीवर उभे होते. त्यांना बारशाची घाई. "पुसून घ्या, चुना लावा आणि फरशी टाका," ते म्हणाले.

मिस्तरींनी फळी उचलून वास घेतला. मग खालच्या सऱ्यात टोकदार टोच्या दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. त्यांचा चेहरा उतरला.

"गुरुजी, हाये तिथंच थांबा," ते अगदी हळू म्हणाले. "खाली बाई हाये. तिले अन् लेकराले आंधी बाहीर काढा. पोरी, तू जाय. धावू नोको."

मी एकेक पायरी उतरले. आईनं ताईला धरून उठवलं, बाळ मी घेतलं. दुपट्यावर वरून मातीचे कण पडत होते. मी वाकून बाळावर आडोसा केला आणि अंगणात आले. वर मिस्तरींनी वडिलांना भिंतीच्या कडेनं सरकत जिन्यापर्यंत आणलं आणि मग खाली येऊन स्वतः त्या सऱ्याला टेकू लावले. संध्याकाळी सरा काढला, तेव्हा भिंतीतलं त्याचं टोक ओल्या भुशासारखं हातात आलं.

"छपराचं पाणी मुरलं असेल," वडील म्हणाले.

मिस्तरींनी तेवढं कबूल केलं असतं, तर गोष्ट तिथंच मिटली असती. ते खाली बसले. "नाही गुरुजी. छप्पर कोरडं हाये. लाकूड वल्लं होतं. मले समजलं होतं, वासानंच. पन पावसाच्या आंधी काम उरकाचं होतं. म्या तसंच बसवलं, वरून माती टाकली."

वडिलांनी विचारलं, "आणखी कुठं वापरलं हे लाकूड?"

"दुसरबीडले एक घर. बीबी गावाले एक."

आमची माडी दुरुस्त करून ते दुसरबीडला गेले. तिथला एक सरा खराब निघाला, तो त्यांनी बदलून दिला. बीबीच्या मालकानं मात्र दारातूनच हाकललं. आपल्या घराला नाट लावायला आला, असं चारचौघांत ऐकवलं. मिस्तरी ओट्यावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी कंटाळून मालकानं माडी उकरू दिली. फळ्या खणखणीत कोरड्या होत्या.

गोष्ट गावोगाव झाली आणि मिस्तरींकडचं काम जवळजवळ थांबलं. एकदा वडिलांनी विचारलं, "बीबीला काही निघालं नाही. उगाच नाव घालवलंत, असं नाही वाटत?"

"काही निघालं नाही म्हनूनच तर घरी येऊन पोटभर जेवलो, गुरुजी," मिस्तरी म्हणाले.

पुढं शाळेच्या नव्या खोल्यांचं लाकूडकाम निघालं. गावानं नको म्हटलं, तरी वडील अडून बसले आणि ते काम मिस्तरींकडूनच करून घेतलं. मिस्तरी जाऊन आता खूप वर्षं झाली. त्या खोल्यांत पोरं अजून बसतात.