यादीतले आमचे दोन बैल

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी लपवत नाही, उलट संधी मिळाली की सांगते. नंदुरबारच्या ज्या कार्यालयात मुलींच्या वसतिगृहाचे प्रवेश होतात, तिथं मी कंत्राटावर संगणकाचं काम बघते. रनाळ्याची ही पोरगी कुणाच्या ओळखीनं आलेली नाही, हे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं होतं. मीच कळवलं होतं. म्हणून त्या दिवशी जे झालं, ते जास्तच लागलं.

प्रवेशाचा शेवटचा दिवस. संध्याकाळी सहाला यादी बंद होणार, नंतर एक नाव आत जाणार नाही. आणि सकाळी दहालाच सगळ्या खिडक्यांचे संगणक अडकले.

कारण मला माहीत होतं. आमचा प्रोग्राम एका सर्व्हरवर चालतो, मुलींची माहिती वेगळ्या डेटाबेसमध्ये असते. दोघांची गाठ कशी घालायची, ते एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं: डेटाबेसचा पत्ता, नाव, पासवर्ड आणि एका वेळी किती जोडण्या उघडायच्या तो आकडा. आकडा होता दहा. गर्दीला पुरेना. आदल्या दिवशी माझ्या सरावाच्या डेटाबेसवर मी तो तीस करून पाहिला होता. आता रांग दारापर्यंत गेलेली, हेडक्लार्क दर दोन मिनिटांनी डोकावत होते. खऱ्या फाइलमध्ये एक आकडा बदलायचा, एवढंच काम होतं. पण मी सरावाची अख्खी फाइल उचलली, खरीच्या जागी ठेवली आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला.

खिडक्या भराभर चालायला लागल्या.

"काय जादू करी व माय?" हेडक्लार्क म्हणाले. घरच्या माणसाशी बोलावं तसे ते माझ्याशी अहिराणीतच बोलतात.

"जादू नाही अप्पा, अभ्यास," मी म्हणाले. असं बोलले मी, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

दुपारी तोरणमाळहून एक बाप मुलीला घेऊन आला. पहाटे निघालेला. मुलगी बारावी झालेली, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट धरलेले. फॉर्म भरून झाल्यावर मिळालेली प्रवेश नंबराची चिठ्ठी त्यानं उलटसुलट पाहिली.

"नाव पक्कं ना मॅडम? परत यायचं म्हणजे सगळा दिवस जातो."

"पक्कं. बिनधास्त जा घरी."

तीनच्या सुमाराला अप्पांनी यादी छापायला सांगितली. कागद हातात घेतला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"काय व, हाऊ कोन शे? बापनं नाव नही, जन्मतारीख नही. आडनाव तं तुन्हं शे!"

पहिली दोन नावं आमच्या बैलांची होती. सरावाला खोटे विद्यार्थी लागतात, म्हणून मी हसत हसत घातलेली. दोघांना बारावीला नव्वद नव्वद टक्के.

मी फाइल उघडून पाहिली. फाइलबरोबर पत्ताही सरावाचाच आला होता. सकाळपासूनच्या सगळ्या मुली रिकाम्या घरात नेऊन बसवल्या होत्या मी. म्हणूनच तर एवढं भराभर चाललं. शेवटच्या दिवशी चिठ्ठ्यांवर नंबर इतके लहान कसे, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. मला तर नव्हतीच, मी कौतुक ऐकत होते.

'सर्व्हर बिघडला' असं मी म्हणाले असते तर कुणी उलटून विचारलं नसतं. ते शब्द तोंडात आलेही होते. पण खिडक्या बंद करायच्या तर अप्पांची परवानगी हवी, आणि नावं हलवताना शेजारी बसून कागद जुळवायलाही तेच हवेत. खोटं बोलून अर्धंच काम झालं असतं.

"माझी चूक आहे अप्पा," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

त्यांनी यादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "दोन्ही भाऊ भलता हुशार शेतस," म्हणाले. मग खिडकीशी जाऊन ओरडले, "अर्धा तास थांबा!" आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. "आते बोल, काय करानं?"

पत्ता दुरुस्त केला, आकडा तीसच ठेवला आणि एकेक नाव खऱ्या डेटाबेसमध्ये हलवायला घेतलं. ते कागदावरून नाव वाचायचे, मी ते तिकडे आल्याचं बघून 'हो' म्हणायचे. माझा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. एकदा त्यांनी माझ्या गुडघ्यावर यादीच मारली. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. बाहेरचे लोक बोलत होते ते ऐकून घेतलं. सव्वापाचला शेवटचं नाव आत गेलं आणि खिडक्या पुन्हा उघडल्या.

पण नंबर सगळ्यांचे बदलले होते. मी फोन लावत सुटले. तोरणमाळच्या त्या बापाचा लागेना. घाटात रेंज कुठली? लावला, पुन्हा लावला. सहा वाजले, यादी बंद झाली, मुलगी यादीत होती. तरी मला बसवेना. चुकीची चिठ्ठी तिच्या पिशवीत होती आणि पक्कं म्हणणारी मी होते.

साडेसहाला त्याचाच फोन आला. जीप वाटेत थांबली होती. मी चूक सांगितली, नवा नंबर सांगितला.

"नाव आहे ना?"

"आहे. माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"पेन नाही, थांबा." मग जीपमध्ये कुणाकुणाला विचारण्याचा गलका. शेवटी मुलीचाच आवाज आला, "सांगा मॅडम."

वसतिगृह उघडलं त्या दिवशी ती खिडकीशी आली. मी चिठ्ठी मागितली, तर तिनं आधी तळहात पुढे केला. शाई पुसट झाली होती, पण रोज गिरवून तिनं नंबर जागेवर ठेवला होता.