वासू, किती आउट?

खांबेटेकाकांना मैदानावरून कुणी काढलं, असं हॉलंडमधल्या एनस्खेडेच्या त्या छोट्याशा बेसबॉल क्लबात विचारलंत तर लोक बुचकळ्यात पडतील. काढलं? छे! उलट त्यांचा सत्कार झाला, फुलं दिली, पहिल्या रांगेत खुर्ची दिली. हे सगळं अगदी खरं आहे. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत मंजूषाही होती, आणि सगळ्यांत जोरात तीच वाजवत होती. म्हणून तर पुढे कित्येक आठवडे भाजी चिरता चिरता तिचा हात मध्येच थांबायचा.

वासुदेव नीळकंठ खांबेटे मूळचे इचलकरंजीचे. एकसष्ट साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, मागाची यंत्रं शिकायला म्हणून ते एनस्खेडेच्या गिरणीत आले. सहा महिन्यांसाठी आलेला माणूस पंचेचाळीस वर्षं राहिला. रिया नावाच्या तिथल्याच मुलीशी लग्न केलं. पुढे गिरण्या बंद पडल्या, तेव्हा तांत्रिक विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मूलबाळ नव्हतं. रिया दोन हजार एक साली गेली. उरला तो रविवार आणि क्लबाचा धावफलक.

हा फलक म्हणजे मैदानाच्या पार टोकाला उभी केलेली हिरवी फळी. तिच्यावर आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या हुकांना अडकवायच्या. पाट्या काकांनी स्वतः वर्कशॉपमध्ये कापलेल्या. सात पायऱ्यांची शिडी चढून वरच्या लाकडी माचावर उभं राहायचं आणि प्रत्येक डावाला धावा बदलायच्या. फलकावर धावा दिसत, पण किती गडी बाद झाले ते दाखवायची सोयच नव्हती. त्यामुळे दर पाच-दहा मिनिटांनी प्रेक्षकांतून कुणीतरी तोंडाभोवती हात धरून ओरडे, "वासू, किती आउट?" आणि काका मागे वळूनही न बघता बोटं वर करत. एक, दोन. जो फारच वेळा विचारी त्याला चार बोटं दाखवत. बेसबॉलमध्ये तीन बाद झाले की डाव संपतो, चार कधी होतच नाहीत, त्यामुळे सगळं मैदान हसे.

मंजूषा दोन हजार तीन साली नवऱ्यामागून आली. शैलेंद्र सॉफ्टवेअरमध्ये. तिने पुण्यात चार वर्षं एका वास्तुविशारदाकडे काम केलेलं. इथे व्हिसावर नुसतं 'नवऱ्यावर अवलंबून' असं लिहिलेलं. आठ वर्षांची लेक सानिका शाळेतल्या मैत्रिणीच्या नादाने बेसबॉल शिकायला लागली, आणि तिला सोडायला मंजूषा मैदानावर येऊ लागली. पहिल्याच दिवशी कुंपणाशी उभी राहून तिने हाक मारली, "सानिका, आधी बूट बांध!"

वरून शुद्ध मराठीत आवाज आला, "डावा राहिलाय फक्त. उजवा बांधलाय तिने."

मंजूषाने चमकून वर पाहिलं. माचावर निळी टोपी घातलेला एक सावळा म्हातारा पाट्या पुसत होता. त्या दिवसापासून ते काका झाले.

आपल्याकडची रीत तिच्या हाडीमाशी मुरलेली. वडीलधारं माणूस काम करतंय आणि आपण हाताची घडी घालून उभे आहोत, हे तिला बघवत नसे. काका शिडीवरून उतरले की ती पुढे होई. "द्या काका, पिशवी मी घेते."

"असू दे गं."

"द्या हो."

"अगं असू दे."

तिसऱ्यांदा ती नुसता हात पुढे करी आणि काका पिशवी देत. आपल्यात 'असू दे' म्हणजे नाही असं कुणी धरतच नाही. मग ती पाट्या पुसू लागली. मग पावसाआधी माचावर ताडपत्री टाकू लागली. घरून थालीपीठ आणू लागली ते वेगळंच. काका म्हणत, "तू माझी सवय बिघडवणार," आणि तिला बरं वाटे.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात नगरपालिकेने क्लबाला मैदान सुधारायला अनुदान मंजूर केलं. अध्यक्ष विम हा गोरापान, उंचच उंच, बोलण्यात सरळसोट माणूस. त्याने मंजूषाला गाठलं. "तू इमारतींचं शिकली आहेस. आम्ही वीस वर्षं इथेच बसतो, आम्हाला काही दिसत नाही. चार मैदानं बघून ये आणि प्रेक्षकाला काय हवं असतं ते लिहून दे."

दोन वर्षांत या देशात तिचं मत कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. तिने घरी येऊन शैलेंद्रला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अरे वा! कन्सल्टंट झालीस की. फी किती?"

"गप्प बस. कॉफी फुकट आहे."

सप्टेंबरात विश्वचषक हॉलंडमध्येच होता. हार्लेम, रॉटरडॅम, सगळीकडे सामने. ती काकांना घेऊन निघाली. आगगाडीत तिने वहीत रकाने आखले: बैठक, सावली, दृश्य, स्वच्छतागृहं, खाणं, फलक. काका शेजारी बसून पेरू खावा तसं सफरचंद चावून खात होते.

हार्लेमला फलंदाजामागच्या भव्य सज्ज्यात बसल्यावर तिने झरझर लिहायला घेतलं. ऊन दुपारी पाठीवर येतं, चेंडू अडवणारी जाळी डोळ्यांआड येत नाही, वरच्या रांगेतूनही फेकणाऱ्याचा हात दिसतो. काकांनी मात्र मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

"हे काय काका?"

"माझी पद्धत. अनोळखी माणसाशी शेजारचा किती वेळात बोलतो ते बघायचं. खुर्ची कितीही मऊ असू दे, अर्ध्या तासात कुणी बोललं नाही, तर ते मैदान नव्हे, दवाखाना."

चार मिनिटांनी पलीकडच्या बाईंनी त्यांना तळलेल्या बटाट्यांचा कागदी द्रोण पुढे केला आणि विचारलं, "मघाचा चेंडू आत होता का हो?" काकांनी घड्याळ परत बांधलं. "चार! पास."

रॉटरडॅमला साडेसहा मिनिटं लागली. तिसऱ्या गावात नऊ. मंजूषा हसली, "आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे कुणी शेजारी बघतच नाही. सगळे मला विचारतात." बोलताना त्यांचे डोळे बारीक झाले. मंजूषाने हे ऐकलं. ऐकलं आणि वहीत लिहिलं. 'फलक'च्या रकान्यात लिहिलं, तोच पुढचा सगळा घोळ.

परतताना स्टेशनच्या जिन्यात काका मध्येच थांबले, कठडा धरला. "गुडघा दुखतो का काका?" "दुखतो की थोडा." हा माणूस दर रविवारी सात पायऱ्यांची शिडी चढतो!

तो अहवाल तिने तीन आठवडे घासला. इंग्रजीत लिहिला, टंकून घेतला, आकृत्या काढल्या. मुद्दे नऊ झाले होते. दहा झाले तर बरं दिसेल, असं तिला वाटलं, आणि हे तिने पुढे स्वतःशी कबूल केलं तेव्हा तिला सगळ्यांत जास्त लाज वाटली. मग तिने मध्येच, सातवा म्हणून, आणखी एक मुद्दा घातला. 'सध्याच्या फलकावर बाद गड्यांची संख्या दिसत नाही. प्रेक्षकांना ओरडून विचारावं लागतं. त्र्याहत्तरीला आलेल्या ज्येष्ठ सदस्यांना शिडी चढावी लागते, हे धोक्याचं आहे. विजेवर चालणारा फलक बसवावा. सदर सदस्यांच्या दीर्घ सेवेच्या सन्मानार्थ पहिल्या रांगेत त्यांच्या नावाची खुर्ची ठेवावी.'

काकांना तिने फोनवर सांगितलं. "काका, मी सुचवलंय की आता तुम्ही आरामात बसून मॅच बघायची. चालेल ना?"

"असू दे गं, कशाला एवढं?"

"कशाला म्हणजे काय? तुमचा हक्क आहे."

"असू दे."

तिने हसून फोन ठेवला.

विमने काकांना वेगळं विचारलं म्हणे. काका म्हणाले, मंजूषाने नीट विचार करून लिहिलंय, तिचं मोडू नका.

एप्रिल दोन हजार सहामध्ये नवा फलक पेटला. लाल आकडे, बाद गड्यांसाठी वेगळे दिवे. कळ दाबणाऱ्याला क्लबहाउसातून बाहेरसुद्धा यावं लागत नव्हतं. काकांना ट्यूलिपचा गुच्छ मिळाला, मंजूषालाही मिळाला. खुर्चीच्या पाठीवर पितळी पाटी: वासुदेव खांबेटे. काका बसले. मांडीवर फुलं, फुलांवर दोन्ही हात. पहिल्या डावात मंजूषाचं लक्ष खेळाकडे होतं. दुसऱ्या डावात तिच्या ध्यानात आलं की काहीतरी चुकतंय. मैदानात आवाज होता, पण ओरडा नव्हता. कुणाला काही विचारायचंच नव्हतं. लोक मान वर करून दिवे बघत आणि पुन्हा आपल्या कॉफीकडे वळत. जाता-येता काकांच्या खांद्यावर थाप मारत. "मजा आहे बुवा तुझी, वासू!" काका मान डोलवत.

पुढच्या रविवारी ते आले, सहाव्या डावाला उठून गेले. त्याच्या पुढच्या रविवारी आले नाहीत. त्यानंतरही नाहीत.

"सर्दी असेल," शैलेंद्र म्हणाला.

"तीन रविवार?"

"मग जा ना, बघून ये. इथे बसून माझ्याकडे का बघतेस?"

बघायला जायची तिला भीती वाटत होती, हे तिने सांगितलं नाही. मे महिन्यातल्या एका सकाळी सानिकाला शाळेत सोडून ती सायकलवरून निघाली. डब्यात थालीपीठ होतं. काकांच्या दारात पोचेपर्यंत तिला तेही लाच दिल्यासारखं वाटायला लागलं होतं.

काकांनी दार उघडलं. दाढी वाढलेली नव्हती, घर स्वच्छ होतं. उगाच तिने मनात कायकाय रंगवलं होतं. त्यांनी चहा टाकला.

"काका, तुम्ही येत नाही हल्ली."

"गुडघा."

"गुडघा आधीही होता."

"तेव्हा त्याला काम होतं."

चहा उकळत होता. मंजूषा म्हणाली, "ते मी लिहिलं होतं काका. विमने नाही. सातवा मुद्दा माझा."

"ठाऊक आहे. विमने प्रत दिली मला. छान लिहिलंयस. सावलीचा मुद्दा तर फारच नेमका."

त्यांनी खरंच कौतुक केलं होतं, टोमणा नव्हता. तेच तिला लागलं. तिचे डोळे भरून आले. "तुम्ही मला नको म्हणायचं होतंत ना."

"म्हटलं की. दोनदा असू दे म्हटलं."

"असू दे म्हणजे..."

"असू दे म्हणजे काय ते तुला आणि मला, दोघांनाही कळतं." त्यांनी गाळणं झटकलं. "हे बघ. विमने एकट्याने हे काढलं असतं ना, तर मी सरळ म्हणालो असतो, नाही, चालणार नाही, शिडीला हात लावशील तर खबरदार. डच माणसाला नाही म्हणायला मी पंचेचाळीस वर्षांत शिकलो. तू आलीस थालीपीठ घेऊन. काका म्हणालीस. माझ्या हातातली पिशवी घेताना तुझा चेहरा किती खुलायचा, माहितीये? त्या चेहऱ्याला नाही म्हणायला मला कोण शिकवणार होतं इथे?"

"मी विमला सांगते. जुना फलक परत लावायला लावते. दोन्ही राहतील."

"नको."

"पण काका—"

"असू दे म्हणत नाहीये मी, मंजूषा. नको म्हणतोय. दिवे लागल्यावर मला विचारायचं म्हणून लोक मुद्दाम विचारतील. तू सगळ्यांना तसं सांगून ठेवशील. मला ते नको."

ती खरोखरच तसं सांगून ठेवणार होती. काकांनी दोन कप ट्रेमध्ये ठेवले. चहा बशीत सांडला. मंजूषा अर्धवट उठली आणि पुन्हा खाली बसली. त्या चार पावलांना काकांना किती वेळ लागला, देव जाणे.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"हो, चुकलं," काका म्हणाले. "माझंही चुकलं. पण तुझं जास्त." मग एक घोट घेऊन, "एक काम कर माझं. त्या खुर्चीवरची पाटी काढून टाक."

"का?"

"या देशात बाकावर नाव केव्हा घालतात? तळ्याकाठी रियाच्या नावाचा बाक आहे. दर बुधवारी जाऊन बसतो मी. येणारे-जाणारे नाव वाचतात आणि जरा हळू चालतात. परवा मैदानावर लोक माझ्याकडे तसेच हळू चालत येत होते."

पितळी पाटीची कल्पनाही तिचीच होती. नाव कोरून घ्यायला ती स्वतः गेली होती, अक्षरांचं वळण तिने निवडलं होतं.

रविवारी सामन्याच्या तासभर आधी ती पेचकस घेऊन गेली. चार स्क्रू होते. शेवटचा निघेना. विम कॉफीचा कप घेऊन आला आणि उभा राहून बघत राहिला. मग त्याच्या पद्धतीने थेट विचारलं, "वासू रागावलाय का?"

छे छे, तसं काही नाही, असं तिच्या तोंडावर आलं होतं. तिने ते गिळलं. "हो," ती तिच्या मोडक्या डचमध्ये म्हणाली. "माझ्यावर."

"परत येईल?"

"नाही."

विमने मान हलवली, कप खाली ठेवला आणि तिच्या हातातून पेचकस घ्यायला हात पुढे केला. "नको," मंजूषा म्हणाली, "मला काढू दे." तो थांबला. स्क्रू निघाला. पाटी तिने पिशवीत टाकली. लाकडावर चार भोकं राहिली.

लोक यायला लागले. हेंगेलोहून पाहुण्या संघाबरोबर आलेली एक बाई पहिल्या रांगेशी थांबली. काका यायचे थांबल्यापासून त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. ती बाई ओणवी होऊन खुर्ची न्याहाळत होती. मग तिने मंजूषाला विचारलं, "ही जागा रिकामी आहे का?"

मंजूषाने पिशवीतली पाटी चाचपली. बाईने पुन्हा विचारलं.

"हो," मंजूषा म्हणाली, "रिकामी आहे."

बाईने आपला कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ऐसपैस बसली.