पेटीला विसावा

वडगावच्या विणकर गल्लीत करंट गेला की कुणी दिव्याकडे बघत नाही. माग थांबतात, गल्ली एकदम मुकी होते, त्यावरूनच कळतं. परशरामचे कान मात्र त्याच मागाच्या खडखडाटानं कधीच कामातून गेले होते. आपला माग थांबला की त्याला समजायचं, एवढंच.

त्याच्या बायकोची, जयाबाईची, फुप्फुसं थकली तसं घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. ते रात्रंदिवस चालू ठेवावं लागायचं. म्हणून मुलगा शिवराज छपरावर सोलर आणि भिंतीवर एक पेटी बसवून गेला. ऊन असेल तर उन्हावर, करंट गेला तर बॅटरीवर, सगळं पेटीच ठरवायची. आभाळ भरून आलं की ती आधी माग बंद करायची. जयाबाईचं मशीन कधीच नाही. पहिल्यांदा माग असा अडला तेव्हा परशरामनं पेटीला मनसोक्त शिव्या घातल्या. मग त्याला उमगलं. मागाच्या आधी जयाचा विचार त्यानं स्वतः जन्मात केला नव्हता. त्या दिवसापासून तो जाता-येता पेटीला हात जोडायचा, आणि गल्ली त्याला हसायची.

खंडेनवमी आली. गल्लीतले सगळे माग बंद. वर्षभर राबणाऱ्या हत्यारांना त्या दिवशी पुजायचं आणि विसावा द्यायचा, ही रीत. परशरामनं माग पुसला, त्याचे धोटे आणि कात्री मांडली, हळदकुंकू लावून झेंडू वाहिला. मग पेटीसमोर उभा राहिला.

"वरीसभर तू बी राबलीस की गं," तो म्हणाला, आणि शिवराजनं दाखवून ठेवलेला खटका फिरवून त्यानं पेटी बंद केली. घर सरळ करंटवर आलं. जयाबाईचं मशीन चालू आहे ना, हे तो आत जाऊन बघूनही आला. माणूस बेफिकीर नव्हता, भाबडा होता. भाबडेपणाही कधी कधी जिवावर बेततो.

दुपारी करंट गेला. एरवी गल्ली मुकी झाली असती. पण त्या दिवशी ती सकाळपासून मुकीच होती. कुणाच्या लक्षात आलं नाही. परशराम दाराला केळीचे खुंट बांधत होता आणि आत मशीन बंद पडून त्याचा भोंगा कोकलत होता.

शेजारची नागुबाई धावत आली आणि त्याचा दंड धरून ओरडली, "आप्पा, आत मशीन बोंबलतंय! ऐकू येत न्हाय व्हय?"

तो आत धावला. जयाबाई अंथरुणात अर्धी उठून हवा शोधत होती, ओठ काळेनिळे पडले होते. परशराम उलट पावली पेटीकडे धावला. खटका फिरवला. मशीन घुरघुरलं.

बऱ्याच वेळानं तिच्या तोंडावर रंग आला. नागुबाई डोळे पुसत बाहेर गेली. परशराम खाली जमिनीवर बसून हुंदके देत होता.

"चुकलं गं जया. पेटीला इसावा द्याय गेलतो."

जयाबाईनं नाकावरची नळी जरा बाजूला केली. इतक्या दिवसांच्या दुखण्यात तिनं कधी कुरकुर केली नव्हती.

"मगाशी मला भ्या न्हाय वाटलं," ती म्हणाली. "सगळ्यास्नी इसावा देताय. आता मला बी द्या की."

तिच्या ओठांवरून त्याला शब्द न् शब्द कळला.

"तेवढं मागू नगंस गं," तो म्हणाला. "मी काय करू मग?"

हे तिच्यासाठी नव्हतं, स्वतःसाठी होतं. दोघांनाही ते कळलं. जयाबाईनं नळी पुन्हा नाकाला लावली.