मयताचं पेन

दवाखान्यात मी दोन पेनं बाळगतो. एक औषधं लिहायचं, दुसरं मृत्यूचे कागद लिहायचं. मयताचं लिहिलेल्या पेनानं जिवंत माणसाची गोळी लिहू नये, असं आमच्याकडच्या पेशंटांचं ठाम मत आहे. मी पडलो शिकलेला, विज्ञान समजवायला गेलो. रांगच उठून गेली. तेव्हापासून दोन पेनं.

त्या दिवशी दुपारी वॉर्डात एक म्हातारे पोस्टमन वारले. हृदयविकार. गाव पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलात. गाडीवाला दारात हॉर्न वाजवून राहिला होता. "साहेब, दिवस बुडाल्यावर मी नाई जात. वाघ रस्त्यातच बसून राह्यते." आणि माझा कागद झाल्याशिवाय मयत हलवता येत नव्हतं. नाव, वय, पत्ता लिहून झाला. मृत्यूचं कारण लिहायला घेतलं आणि पेन आटलं.

खण उघडला. औषध कंपन्यांनी भेट दिलेली ढीगभर पेनं, सगळी चकचकीत, एकही उमटेना. गुपचूप हात औषधाच्या पेनाकडे नेला.

रांगेतली पहिली बाई ओरडली, "ओ डॉक्टर, ते आमचं पेन आहे!"

"बाई, पैसे मी दिले त्याचे."

"दिले असन. माही बीपीची गोळी लिहाची आहे त्यानं."

मी सिस्टरकडे पाहिलं. तिनं आपलं पेन पाठीमागे लपवलं. "याच्यानं बाळायच्या लसी लिहा लागते, सर."

रांगेत बऱ्याच खिशांना पेनं होती. ते सगळे खिसेवाले एकदम छताचा पंखा बघू लागले. बाहेर पुन्हा हॉर्न.

तेव्हा कागदाची वाट बघत बाकावर बसलेली पोस्टमनची बायको उठली. वॉर्डात जाऊन नवऱ्याच्या शर्टाच्या खिशातलं पेन घेऊन आली, टोपण काढून माझ्यासमोर धरलं.

"घ्या साहेब. त्यायचंच आहे."

एका दमात कारण लिहिलं, सही केली, शिक्का मारला. कागद तिच्या हातात दिला. ती हलेना.

"आता काय राहिलं, बाई?"

तिनं मूठ उघडली. आत टोपण होतं. पेन माझ्या खिशात होतं.

"साऱ्या गावानं पेन मागतलं त्यायले," डोळे पुसता पुसता ती हसली. "देत होते, पण टोपण हातातच ठेवत. तुमच्यासारख्यायसाठीच."

पेनाला टोपण लावून ती गाडीत बसली, तेव्हा सागाच्या शेंड्यांवर थोडं ऊन शिल्लक होतं.