दोन गंगांच्या अक्का

किरणचा फोन आला तेव्हा मी पोह्यांना फोडणी घालत होते. "मामी, आई उठतच नाहीये," एवढंच तो म्हणाला. कॉलेज रोडवरून पंचवटीत पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, कुशीवर वळून, हात उशाखाली घेऊन निजल्या होत्या. आदल्या संध्याकाळी घाटावर व्यायाम केला, भेळ खाल्ली, शेजारणीशी पोटभर बोलल्या आणि झोपेतच गेल्या. खाटेखाली त्यांचे स्पोर्ट्स शूज नीट जोडून ठेवलेले होते. ते पाहून मला रडू यायच्या आधी हसू आलं... अक्कांना ते आवडलं असतं.

अक्का मूळच्या मखमलाबादकडच्या फुलशेतीवाल्या घरातल्या. लहानपणापासून झेंडू-शेवंती तोडायची, हार करायचे. लग्न होऊन पंचवटीतल्या गल्लीत आल्या आणि पुढे त्यांच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. भावजी कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळून होते. सकाळ-संध्याकाळ त्यांचे हातपाय हलवायचे, कूस बदलायची, भरवायचं, सगळं अक्काच करायच्या. गंगेवरच्या (नाशकात गोदेला आम्ही गंगाच म्हणतो) भाजीबाजारापलीकडे त्यांचं जगच उरलं नव्हतं. भावजी गेले आणि अक्का दारातल्या पायरीवर बसून राहायला लागल्या. कुणी हाक मारली तर बघायच्या, पण उठायच्या नाहीत. किरण घाबरला होता. मला म्हणाला, "मामी, ती आजारी नाहीये. पण ती हळूहळू बंद पडत चाललीय."

त्याच सुमारास आम्ही दोघं मुलीकडे थायलंडला जाणार होतो. मुग्धा तिथं एका शाळेत इंग्रजी शिकवते. निघायच्या तोंडावर आमच्या ह्यांची कंबर धरली, आणि एकटीनं परदेशी जायची माझी तयारी नव्हती. किरण दुबईत नोकरीला असताना काढलेला अक्कांचा कोरा पासपोर्ट कपाटात पडून होता. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मला न्या नायतर इथं ठेवा, मला सारखंच हाय." होकार म्हणावा असा तो नव्हता, पण आम्ही तोच धरून बसलो.

मुग्धाच्या गावाचं नाव नोंगखाय. मेकाँग नदीच्या काठावर, पलीकडच्या तीरावर लाओस. नाव ऐकून अक्का विमानतळावरच पहिल्यांदा आपणहून बोलल्या, "गावाचं नावच खाय! मग उपाशी तर ठेवणार नायत." मुग्धा दिवसभर शाळेत. आम्हा दोघींकडे ना भाषा, ना उधळायला पैसे. तिनं सांगून ठेवलं होतं, "आई, इथं मजा करायला पैसे लागत नाहीत. नदीकाठानं चालत राहा, काहीतरी सापडेल." आणि खरंच सापडत गेलं. पहाटे भिक्खू भिक्षेला निघायचे. शेजारची म्हातारी आम्हालाही वाफाळत्या चिकट भाताची परडी द्यायची आणि आम्ही ओळीत बसून त्यांच्या पात्रात मूठमूठ भात घालायचो. मग काठावरच्या फरसबंद रस्त्यानं लांबवर चालायचं, देवळाच्या सावलीत टेकायचं, संध्याकाळच्या बाजारात विक्रेत्यांनी पुढे केलेल्या फोडी चाखायच्या. नदीच्या पात्रात बुडालेला एक जुना स्तूप आहे, पाणी उतरलं की त्याचं टोक दिसतं. गोदेचा पूर आपण दुतोंड्या मारुती किती बुडाला त्यावरून सांगतो, तसं तिथले लोक त्या टोकाकडे बघतात. अक्का काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "म्हंजी ही पण गंगाच की." त्यानंतर त्यांनी मेकाँगला दुसरं नाव दिलं नाही.

एका सकाळी मी देवळातून बाहेर आले तर अक्का नाहीत. त्यांच्याकडे फोन नव्हता, पत्ता पाठ नव्हता, मराठीशिवाय एक शब्द येत नव्हता. मी काठ पालथा घातला. देवळात परत गेले, बाजारात शोधलं. किरणला काय सांगू, हेच डोक्यात घोळत होतं. नदीकडे तर बघवत नव्हतं. शेवटी देवळाच्या मागल्या फाटकापाशी फुलांचे हार विकणारी एक बाई दिसली, आणि तिच्या शेजारी बुटक्या स्टुलावर अक्का! साडीचा पदर खोचलेला, दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, आणि हात असे चालले होते की माझी नजर पोचत नव्हती. ती बाई लांबलचक सुईत मोगऱ्याच्या कळ्या ओवणारी. बिनसुईची ही गाठ बघून ती "ओ! ओ!" करत टाळ्या वाजवत होती.

"अक्का, जीव गेला होता माझा!" मी जवळजवळ ओरडलेच.

"का गं? मी कुठं जातेय?" अक्का मान वर न करता म्हणाल्या. "ही मालाय म्हणते, मी माळ म्हणते. एवढं जमलं, पुढचं हातानं जमतंय."

मी फाटकाच्या कट्ट्यावर बसले आणि रडले. अक्कांनी एक झेंडू माझ्या ओटीत टाकला आणि पुन्हा कामाला लागल्या. त्या दिवसानंतर त्यांना घरची ती दारातली पायरी आठवली नाही.

संध्याकाळी ऊन कलंडलं की त्या काठावर मोठ्यानं गाणी लागायची आणि गावातल्या बायका एरोबिक्सला जमायच्या. पुढे एक चुणचुणीत बाई, मागे आज्या, सुना, दुकानदारणी. कुणीही यावं, नाव-गाव कुणी विचारत नसे. पहिल्या दोन संध्याकाळी अक्का बाकावर बसून बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी उठल्या, चपला काढल्या आणि शेवटच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. सगळ्या डावीकडे गेल्या की ह्या उजवीकडे. टाळी पुढे वाजली की ह्यांची मागून. घामानं निथळत बाकावर आल्या, माझ्या हातातली बाटली घेतली आणि गंगेकडे बघत म्हणाल्या, "सुनंदा, इतकी वर्षं दुसऱ्याचे हातपाय हलवले गं... माझे बी हलत्यात, हे इसरूनच गेले होते."

दुसऱ्या दिवशी मुग्धानं त्यांना शूज घेऊन दिले. पाचवारी साडीवर त्या शूजमध्ये त्या नाशकात परत आल्या ते घोषणा करूनच, "हे आपल्या गंगेवर चालू करायचं." किरण हादरला. "आई, लोक हसतील." "हसू दे. नोंगखायला बी हसल्या, आन् मग हात धरून शिकवलं." पहिल्या दिवशी घाटावर आम्ही दोघीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. त्र्यंबकेश्वरहून आलेलं एक यात्रेकरू जोडपं थबकलं आणि त्यातल्या बाईंनी हात जोडून विचारलं, "ही कुठली पूजा?" अक्का थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "गुडघ्याची. या, उभ्या राहा." त्या बाई खरंच उभ्या राहिल्या! मग हळूहळू फुलवाल्या आल्या, भाजीवाल्या आल्या, पुलापलीकडून जुन्या नाशकातल्या रझियाबी आल्या. त्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण एकटीला कंटाळा यायचा. अक्का पुढे उभ्या राहून थाई आकडे मोजायच्या, "नुंग, सोंग, साम..." चारच्या पुढचे त्यांना येत नव्हते, म्हणून सगळा व्यायाम चारातच बसवलेला. पावसाळ्यात घाट बुडाला की मंडळी वरच्या रस्त्यावर. किरण आधी लांबून बघायचा. एकदा गाण्याचा आवाज नीट येईना, तेव्हा कुणी न सांगता तोच स्पीकर घेऊन आला.

रामकुंडावर अक्कांचा दहावा झाला. गुरुजी बाजूला सरायच्या आत कावळ्यानं पिंड उचलला. "हिचं काही राहिलंच नव्हतं," आमच्या चुलत सासूबाई म्हणाल्या, आणि त्या दुःखातही आम्ही सगळे हसलो.

परवा मी संध्याकाळी घाटावर गेले. बायका रांगा करून उभ्या होत्या. गाणं लागलेलं, पण पुढची जागा मोकळी. अक्का गेल्यापासून तिथं कुणी उभंच राहत नाही, असं रझियाबींनी मला हळूच सांगितलं. तेवढ्यात एक अनोळखी बाई, खांद्याला भाजीची पिशवी, घुटमळत आली. तिला बिचारीला काय माहीत! मागे जागा दिसली नाही म्हणून पिशवी ठेवून ती सरळ त्या मोकळ्या जागेवर जाऊन उभी राहिली. सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. तिलाही काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. "मी मागे जाऊ का? मला यातलं काहीच येत नाही हो," ती म्हणाली.

रझियाबींनी आमच्याकडे एकवार पाहिलं. "असू दे, तिथंच थांब," त्या म्हणाल्या. "अक्कांना कुठं येत होतं?"

आणि सगळ्या हसल्या. ती बाई उजवीकडे वळली. रांगा डावीकडे जायच्या होत्या... पण आम्ही सगळ्या तिच्याबरोबर उजवीकडे गेलो.